हात दाबला की पुढे

मला बोलतं केलं ते बाईंनी. आई-वडिलांचे उपकार मोजायचे नसतात, म्हणून ते बाजूला ठेवतो. त्यांच्यानंतर मी कोणाचं सर्वांत जास्त देणं लागतो, असं कोणी विचारलं तर मला क्षणभरही विचार करावा लागणार नाही. त्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. वाशीम गावासाठी त्या सिस्टरबाई होत्या, आमच्यासाठी नुसत्या बाई.

आमचं घर जऊळक्याला, स्टेशनाच्या बाजूला. वडील रेल्वेत गँगमन. घरात दहावीपुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी गेलो आणि पॅसेंजरने वाशीमला कॉलेजात जाऊ लागलो. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला उभं करून काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "मले नाई समजलं." वर्ग हसला. हसणाऱ्यांतले निम्मे घरी 'मले-तुले'च बोलत असणार, हे मला आज कळतं. तेव्हा कळलं नाही. मी तोंड मिटलं ते मिटलंच. 'हो' आणि 'नको' हे दोन शब्द सगळीकडे चालतात, तेवढ्यावर माझं कॉलेज चाललं होतं.

शनिवारी कॉलेज लवकर सुटायचं आणि परतीची गाडी संध्याकाळी. मधला वेळ पोराने कुठे काढायचा म्हणून आईने बाईंना निरोप दिला. अशा रीतीने मी बाईंच्या पडवीत, मंडळीच्या तरुण संघाच्या बैठकीत जाऊन पडलो. खरं सांगायचं तर मी प्रार्थनेसाठी जात नव्हतो. पोह्यांसाठी जात होतो.

बाईंचं घर गावाच्या कडेला. मागे एका काकांची भाजीची वाडी. मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. पडवीत आम्ही डोळे मिटले की नेमकी तिकडे पाण्याची मोटर सुरू व्हायची. काका भले माणूस. कुंपणावरून विचारायचे, "झाली का वं बाई तुमची पार्थना? का बंद ठेवू?" बाई म्हणायच्या, "चालू राहू दे रे बाप्पा. ज्याले सांगून राह्यलो त्याले ऐकू येते."

बैठकीत गाणी व्हायची, वचन वाचलं जायचं आणि शेवटी साखळी प्रार्थना. सगळे गोल बसून एकमेकांचा हात धरतात. एकाने सुरुवात करायची, त्याचं झालं की शेजारच्याने, असं करत फेरी पूर्ण करायची. एक-दोन वाक्यं पुरे. ज्याला मोठ्याने बोलायचं नसेल त्याने पुढच्याचा हात दाबायचा. हात दाबला की पाळी पुढे गेली. कोणी दाबला, का दाबला, हे विचारायचं नाही. बाईंचा हा एकच कडक नियम होता.

मी दर शनिवारी हात दाबत राहिलो. पावसाळा गेला, हिवाळा गेला, माझं दाबणं चालूच. माझ्या पुढच्या जागी बाई बसत. मी कुठेही बसलो तरी त्या गुडघ्यावर हात टेकत येत आणि माझ्या पुढेच बसत. मी हात दाबला की त्यांची पाळी येई. त्या आधी म्हणत, "देवा, याच्या वाटचं मी मांगतो. काय ते तुले ठाऊक हाय." मग स्वतःचं मागत. आमच्या वऱ्हाडात बायाही 'मी जातो, मी मांगतो' असंच म्हणतात, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटत नसे. वेगळं हे वाटे, की माझ्या वाटचं काही आहे असं कोणीतरी धरून चाललं आहे.

एका शनिवारी मी ठरवून आलो. मंडळीतले एक वडीलधारे प्रार्थना करत तशी मी पाठ केली होती. 'हे सर्वसमर्थ, सनातन, कृपाळू पित्या' इथपर्यंत नीट गेलो आणि पुढचं साफ विसरलो. सगळे डोळे मिटून थांबले होते. मागे मोटर चालू होती. काही सुचेना, आणि माझ्या तोंडून निघालं, "मले आता काई सुदरत नाई."

एक जण फिसकन हसला. त्याच क्षणी बाईंनी "आमेन" म्हटलं, प्रार्थना पूर्ण झाल्यावर म्हणतात तसं, आणि पाळी पुढे नेली. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं नाही की शाबासकी दिली नाही. माझ्या हातात बशी ठेवली आणि म्हणाल्या, "पोहे घे." मी मान खाली घालून खात होतो. तेव्हा पुढे म्हणाल्या, "देवाले काय शुद्धलेखनाचे मार्क द्याचे हायेत? तुले सुदरत नाई, हे त्याले सांगतलंस. आणखी काय पाह्यजे?"

त्यानंतर मी बोलू लागलो. आधी पडवीत, मग वर्गात. बी.ए. झालो, बी.एड. झालो. नोकरीच्या मुलाखतीत एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तेव्हा मी सरळ सांगितलं की हे मला माहीत नाही. घाम आला नाही. आज मी शाळेत इतिहास शिकवतो. एकदा बाईंना विचारलं होतं की तुम्ही माझ्याच पुढे का बसायच्या. त्या म्हणाल्या, "तुह्या हाताले घाम सुटे. कधी वाळते ते पाहून राह्यली होती." दवाखान्यात जन्म गेलेली बाई. तिने हात धरला म्हणजे नुसता धरला नसणार.

पुढे बाईंचे गुडघे फारच धरले. मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाताना घराची किल्ली आणि तरुण संघ दोन्ही माझ्या हवाली केलं. त्यांना आता ऐकू कमी येतं. फोनवर आपण एक म्हणतो आणि त्या दुसऱ्याचं उत्तर देतात. म्हणून मी पत्र लिहितो. डोळे अजून शाबूत आहेत, चष्मा लावून त्या स्वतः वाचतात. प्रत्येक उत्तरात शेवटी एकच प्रश्न असतो : पोरं प्रार्थना करतात का?

गेल्या वर्षी या प्रश्नाला काय लिहावं ते मला कळेना.

संघात एक मुलगी होती, पहिल्या वर्षाला शिकणारी. किन्हीराजाहून बसने यायची. तिचे वडील दुसऱ्याच्या विहिरीवर वाट्याने भाजीपाला करतात. ही मुलगी देवाशी अशी बोलायची की ऐकणाऱ्याला वाटावं, देव पलीकडच्या ओट्यावर बसलेला आहे. तिच्यामुळे इतर पोरंही मोकळी झाली होती. कोणी अकाउंटच्या पेपरसाठी मागायचं, कोणी व्यायलेल्या बकरीसाठी.

तिचा मोठा भाऊ पोलीस भरतीची तयारी करत होता. पूर्वी तोही संघात यायचा, पण तयारीच्या नादात येणं सुटलं होतं. त्याचं नाव यादीत आलं नाही. त्याने घरी सांगितलं की यादी अजून लागलीच नाही. वडील बाजारात सगळ्यांना पोराच्या वर्दीबद्दल सांगत फिरत होते, आणि खरं फक्त बहिणीला माहीत होतं. त्यानेच तिला विश्वासाने सांगितलं होतं. तिला ते पोटात ठेवणं जड झालं. एका शनिवारी साखळीत तिची पाळी आली तेव्हा तिने सगळं देवाला सांगितलं आणि मागितलं की भावाला बाबांपुढे खरं बोलायचं बळ दे.

दुसऱ्या दिवशी उपासना सुटल्यावर देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायऱ्यांवर मंडळीतल्या एका काकूंनी तिच्या वडिलांना गाठलं. मायेनेच म्हणाल्या, "तुमच्या पोराचं नाव नाई लागलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आमी त्याच्यासाठी पार्थना करून राह्यलो."

वडिलांनी तिथे काही दाखवलं नाही. घरी जाऊन मुलाला एवढंच विचारलं की कायले लपवलं. मुलाला कळायचं ते कळलं. हे एकाच माणसाला माहीत होतं. त्या दिवसापासून त्याने बहिणीशी बोलणं टाकलं. एका पंगतीला बसून जेवायचं, एका वाफ्यात भेंडी तोडायची, पण शब्द नाही.

संघातला एक मुलगा उतरलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, मी चुगली नाई केली. मी आईले म्हणलं, त्याच्यासाठी पार्थना कर. आईनं त्याच राती महिला मंडळात विषय देला."

मला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. आमच्या लोकांचं हे असंच आहे. बातमी म्हणून जी गोष्ट आम्ही कधी कोणाला सांगणार नाही, ती प्रार्थनेचा विषय म्हणून चार घरं फिरते. सांगणाऱ्याचं मन स्वच्छ, ऐकणाऱ्याचं स्वच्छ, मागणंही खरं. आणि मधल्या मध्ये एका भावाची लाज चव्हाट्यावर येते. महिला मंडळातल्या त्या बायांनी त्या मुलासाठी कळकळीनेच मागितलं असेल याबद्दल मला शंका नाही.

मुलगी पुढच्या शनिवारी आली, पण किल्ली परत करायला यावं तशी. दारातच उभी राहून म्हणाली, "दादा, देवाले सांगतलं त साऱ्या वाशीमले समजते. आता मी देवाले काई सांगत नाई."

मी तिला आत ये म्हणालो, प्रार्थना करू नको, नुसती बस. ती बसली. गाणी झाली. साखळी सुरू करताना मी सांगितलं की इथलं इथेच राहील, आईलासुद्धा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मग मी सुरुवातीचं वाक्य म्हणालो आणि शेजारच्याने हात दाबला. त्याच्या पुढच्याने दाबला. असा तो दाब एकही शब्द न होता पडवीभर फिरला आणि पाणी पाटातून फिरून यावं तसा माझ्या दुसऱ्या हातात येऊन थांबला. सगळ्यांनीच पाळी पुढे ढकलली होती. मी डोळे उघडले. सगळे मिटून बसले होते, ती मुलगीसुद्धा.

नियम करून कोणाचा आवाज परत येत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. तरुणांना प्रार्थनेसाठी उत्तेजन द्या, असं मंडळीत वरचेवर सांगितलं जातं. सांगणाऱ्यांना वाटतं की पोरं आळशी आहेत, मोबाइलमध्ये आहेत. मला तसं वाटत नाही. पोरं घाबरतात. शब्द चुकेल म्हणून, कोणी हसेल म्हणून, आणि आता, कोणी ऐकेल म्हणून. भीतीवर भाषण हा इलाज नाही. 'तू कर, तू छान करतेस' हा तर मुळीच नाही. छान म्हटलं की पुढच्या वेळी पोर देवाकडे नाही, आपल्याकडे बघून बोलतं. बाईंनी आम्हाला कधी छान म्हटलं नाही, त्याचं कारण आता मला उमगतं.

मग मला जे एकच येत होतं ते मी केलं. तिच्या पुढच्या जागी बसू लागलो. ती हात दाबायची आणि मी म्हणायचो, "देवा, हिच्या वाटचं मी मागतो. काय ते तुला ठाऊक आहे." तिच्या हाताला घाम नव्हता. तिचा हात गार असायचा. हळूहळू इतर बोलू लागले. अकाउंट आलं, बकरी आली. जो मुलगा आईजवळ बोलला होता, त्याने एकदा फक्त 'मले माफ कर' म्हटलं आणि पाळी पुढे नेली. ती मात्र दाबतच राहिली.

मध्ये एकदा मी किन्हीराजाला गेलो. भाऊ वाफ्यात वांगी तोडत होता. मी म्हटलं, शनिवारी येत जा पुन्हा. तो टोपलीत बघत म्हणाला, "मी नाई येत. अन् तिले सांगा, माह्यासाठी देवाजवळ काई मांगू नको म्हणा."

मी म्हणालो, "हे मी सांगणार नाही. तुला सांगायचं तर तूच सांग."

तो पुन्हा वाफ्यात वाकला. निघताना त्याने माझ्या पिशवीत वांगी टाकली, तेवढ्यावर मी परत आलो. वाटेत बसमध्ये मला वाटत राहिलं की आपण चूक केली. निरोप नेला असता तर निदान त्या दोघांत एक वाक्य तरी इकडून तिकडे गेलं असतं, कडू का होईना.

मग कापणीचा सण आला. आमच्याकडे त्या रविवारी लोक आपापल्या शेतातलं पहिलं पीक देवळात आणतात. सोयाबीनची पोती, हळद, भोपळे, कोंबड्या, ज्याला जे पिकलं ते. त्या दिवशी संध्याकाळी संघाची बैठक पडवीत ठेवली होती. तिथे जे झालं ते मी दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर बाईंना कळवलं. तेच पत्र इथे देतो.

प्रिय बाई,

प्रभूमध्ये सलाम. तुमचे गुडघे कसे आहेत? गेल्या तीन पत्रांत मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर टाळलं, ते तुमच्या लक्षात आलं असेलच. किन्हीराजाच्या मुलीबद्दल मी थोडं लिहिलं होतं. आज पुढचं लिहितो.

काल कापणीचा सण झाला. तिचे वडील वांगी आणि भोपळे घेऊन आले होते. टोपली भावाच्या डोक्यावर होती. ती त्याने वेदीपाशी नेऊन ठेवली आणि मागच्या बाकावर बसला. जेवणं झाल्यावर वडिलांना गावातल्या एका नातेवाइकाकडे जायचं होतं. ते मुलाला म्हणाले की बहिणीची बैठक होईस्तोवर थांब आणि तिला घेऊन बसने ये. तो पडवीच्या बाहेर पायरीवर बसला. मी आत बोलावलं नाही. ज्या मुलाच्या हातून बात फुटली होती तो उठून बाहेर गेला. काय बोलला माहीत नाही, पण त्याला हाताला धरून घेऊन आला. गोलात एकच जागा होती, त्याच्या बहिणीच्या अलीकडे. तिच्या पलीकडे मी होतो, तुम्ही माझ्या पलीकडे असायच्या तसा.

बाई, दोघांनी एकमेकांकडे न बघता हात धरला. साखळीत धरावाच लागतो.

फेरी सुरू झाली. तो ज्याच्या शेजारी होता त्याचं झालं. आता याची पाळी.  मागे मोटर चालू होती. मला वाटलं, याने दाबला असणार, आता ती दाबेल. मी माझ्या हातावर लक्ष ठेवून होतो. दाब आला नाही. तिचा हात माझ्या हातात गार नव्हता.

ती म्हणाली, "देवा, यानं माहा हात दाबला. याच्या वाटचं मी मांगतो. काय ते तुले ठाऊक हाय."

एवढंच. दुसरा शब्द नाही. सगळी पोरं कान देऊन होती आणि तिने कोणाला काही ऐकू दिलं नाही. ज्याला सांगायचं त्याला सांगितलं. हे वाक्य मी तिला शिकवलेलं नाही. मी शुद्ध 'मागतो' म्हणतो, तिने तुमचं 'मांगतो' म्हटलं. तुम्हाला तिने कधी ऐकलंही नाही.

आमेन सगळ्यांत आधी त्याने म्हटलं. 

दोघांचं पूर्ण जमलं असं मी लिहिणार नाही, कारण मला माहीत नाही. तो पोलिसात जाईल का, हेही माहीत नाही. पुन्हा धावायला लागला आहे असं त्याच्या वडिलांनी देवळात सांगितलं, आणि या वेळी ते आधीच बाजारात कोणाला सांगणार नाहीत असंही म्हणाले. मी पाहिलं ते एवढंच. पोहे खाताना त्याने घड्याळाकडे बघितलं आणि तिला म्हणाला, "आटप लवकर. बस चुकन." ती म्हणाली, "चुकू दे, दुसरी येईन." त्या दोघांत इतक्या महिन्यांत झालेलं हे पहिलं बोलणं. ते ऐकून तो आईजवळ बोललेला मुलगा स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ ताटल्या विसळत बसला.

कुंपणावरून काका तुमची आठवण काढतात. मोटर बंद ठेवू का, असं अजून विचारतात. मी तुमचंच उत्तर देतो.

तुम्ही विचारता, पोरं प्रार्थना करतात का. करतात, बाई. काही मोठ्याने करतात, काही हात दाबतात.

मी तिला छान म्हटलं नाही. तोंडावर आलं होतं, पण नाही म्हटलं. बशी दिली आणि पोहे घे म्हणालो.

तुमचा,
जऊळक्याचा